ऊन, नर्सबाई आणि आपली वही



आज मी उन्हाविषयी बोलणार आहे. तुम्ही मनात म्हणाल, गुरुजींना दुसरा विषय सापडला नाही काय? चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला उन्हाविषयी काय सांगायचे? आपण उन्हातच जन्मलो आणि उन्हातच म्हातारे झालो. ते खरे आहे. पण ज्या उन्हात आपले आजोबा नांगर धरत होते, ते ऊन आणि आजचे ऊन यांत फरक पडला आहे. तो का पडला, आणि त्यावर आपल्या दवाखान्यातल्या नर्सबाई, आशाताई आणि आपण मिळून काय करू शकतो, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी फरक का पडला ते थोडक्यात सांगतो. पृथ्वीभोवती हवेचे पांघरूण आहे. ते आहे म्हणून रात्री आपण गोठून जात नाही. माणूस कोळसा जाळतो, पेट्रोल-डिझेल जाळतो, त्याच्या धुरातून एक वायू निघतो. त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्यामुळे हे पांघरूण जाड होत चालले आहे. कोळशाची ओळख आपल्याला सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत आणि वीज करण्याचे मोठे केंद्र आहे. त्या विजेवर माझ्या घरातला पंखा चालतो, म्हणून मी कोणाला नावे ठेवत नाही. पण हिशेब खरा सांगितला पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी होती त्यापेक्षा पृथ्वीची सरासरी उष्णता एक अंशाहून जास्त वाढली आहे. २०२४ हे साल, मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण साल ठरले.

एक अंश म्हणजे काय मोठे, असे वाटेल. मलाही वाटले होते. पण सरासरी एका अंशाने वाढली की अतिकडक दिवस पुष्कळ वाढतात. पूर्वी ज्या उन्हाळ्यात असे दोन-तीन दिवस यायचे, तिथे ते ओळीने येऊ लागतात. रात्रीही हवा निवत नाही. दिवसभर तापलेल्या अंगाला रात्री विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक बाधते.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरे वाटत नाही. पण सांगितल्यावाचून पुढचे नीट कळणार नाही.

१९९८ सालचा मे महिना होता. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. माझे थोरले भाऊ, त्यांना घरात सगळे दादा म्हणत, पहाटे चार वाजता जंगलात गेले. दुपारी एक वाजता पानांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन परत आले आणि ओसरीवर पुडके बांधायला बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "ढवळ्याले पाणी दाखवा." ढवळ्या बैल आम्ही तीन वर्षांपूर्वीच विकला होता. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. पाच मिनिटांनी दादा बसल्या जागी आडवे झाले.

मग घरात एकच धावपळ झाली. कोणी कांदा फोडून नाकाला लावला. कोणी तोंडात पाणी घातले. ते पोटात न जाता छातीत गेले, ठसका लागला. झळ लागू नये म्हणून मी स्वतः त्यांच्या अंगावर चादर घातली. जीप मिळायला एक तास गेला. दवाखाना सतरा किलोमीटरवर. जीपची ताडपत्री खाली सोडली होती, आतमध्ये भट्टी झाली होती. दवाखान्यात पोचलो तेव्हा दादा गेलेले होते.

तिथल्या नर्सबाईंनी मला दोनच प्रश्न विचारले. "अंगावर पाणी टाकलं होतं का?" मी म्हटले, नाही. "घरी विहीर आहे का?" मी म्हटले, आहे, दारातच आहे. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. ते दोन प्रश्न मी आजवर विसरलो नाही.

मंडळी, मी मॅट्रिक झालेला माणूस. मुलांना आरोग्यशास्त्राचा धडा शिकवत होतो. आणि विहीर दारात असताना मी माझ्या भावाला चादर पांघरली.

पुढे आपल्या उपकेंद्राच्या नर्सबाईंकडून मी जे शिकलो, ते असे. आपले शरीर साधारण ९८ ते ९९ अंशांवर असते. हे अंश फॅरनहाइटचे, ताप मोजण्याच्या नळीवरचे. बाहेर कितीही ऊन असो, शरीर आपली उष्णता सांभाळते. ते कसे? घाम येतो, घाम वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठाचे पाणी जसे गार होते, तसेच हे. माठ पाझरला नाही तर पाणी गार होत नाही. अंगातले पाणी संपले, किंवा हवा इतकी दमट असली की घाम वाळेचना, तर उष्णता आतच कोंडते. १०४ अंशांच्या वर गेली की मेंदूला बाधा होते. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, झटके येतात, शुद्ध हरपते. याला उष्माघात म्हणतात.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घाम थांबला तरच उष्माघात, असे नाही. कष्ट करणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही तो होतो. आणि काखेत नळी लावली तर आतल्यापेक्षा आकडा कमी दिसतो. म्हणून नळीच्या आकड्याची वाट पाहत बसू नका. उन्हातून आलेला माणूस भलतेच बोलू लागला, तर हसू नका. तीच खूण आहे.

मग काय करायचे? त्याला सावलीत आणा. कपडे सैल करा किंवा काढा. आणि अंगावर पाणी ओता. लाजू नका, भिजेल म्हणून थांबू नका. डोक्यापासून पायापर्यंत ओता, ओले फडके फिरवत राहा आणि वारा घाला. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. एकाने हे करावे, दुसऱ्याने १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवायचे नाही, आणि गाडीतही अंग ओले ठेवायचे. आधी गार करा, मग हलवा. तापाची गोळी देऊ नका. या तापावर ती चालत नाही. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही.

शुद्धीवर आहे, नुसती चक्कर आहे, पायात गोळे येतात, डोके दुखते, तर तो आजार अजून पहिल्या पायरीवर आहे. तिथे तोंडाने पाणी, ताक, पन्हे, आणि सर्वांत चांगली म्हणजे ओआरएसची पुडी. पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी एका पेल्यात, असे नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. एका दिवसात संपवायचे, उरले तर फेकायचे. अशाने बरे वाटले नाही, तर मात्र दवाखान्यात न्या.

इथवर एकट्या माणसाची गोष्ट झाली. पण ऊन जेव्हा गावावर, शहरावर येते, तेव्हा दवाखान्याने काय करावे? याचे एक उदाहरण आपल्या नर्सबाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या तिथून घेऊन आल्या. मला ते फार आवडले. ते गुजरातमधल्या अहमदाबाद शहराचे आहे.

२०१० सालच्या मे महिन्यात तिथे भयंकर ऊन पडले. २१ मे रोजी पारा ४६.८ अंश सेल्सिअसवर गेला. लोक मेले, पण कागदावर 'ऊन' असे कारण फारच थोड्या ठिकाणी लागले. कोणाचे हृदय बंद पडले, कोणाचे मूत्रपिंड, कोणी म्हातारपणाने गेला, असेच लिहिले गेले. पुढे अभ्यासकांनी मृत्यूंच्या नोंदी काढून मोजल्या. आदल्या आणि पुढच्या वर्षाच्या मे महिन्याची सरासरी होती ३,११८. त्या वर्षीच्या मे महिन्यात मृत्यू झाले ४,४६२. म्हणजे १,३४४ माणसे जास्त गेली. एका शहरात, एका महिन्यात. मोजले नसते तर कोणाला कळलेही नसते.

त्याच शहरात शारदाबेन नावाचे सार्वजनिक रुग्णालय आहे. तिथे गार हवेची यंत्रे नव्हती. बाळंतिणींचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता, छताच्या धगीत. तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले की, आईजवळ निजलेली नुकती जन्मलेली बाळे तापाने फणफणून अतिदक्षता विभागात येत आहेत. दूध ओढत नाहीत, मलूल पडतात. जंतूंचा ताप म्हणावा तर तसा नाही. त्यांनी मोजायला सुरुवात केली. २००९ च्या एप्रिल, मे, जूनमध्ये उष्णतेने आजारी होऊन अशी ८ बाळे आली होती. २०१० च्या त्याच तीन महिन्यांत २४ आली. पारा ४२ च्या वर गेला की प्रत्येक अंशाला संख्या वाढत होती.

मग त्यांनी काय केले? बाळंतिणींचा वॉर्ड खालच्या मजल्यावर आणला. खाटा उचलल्या आणि खाली नेल्या. २०११ मध्ये त्याच तीन महिन्यांत ४ बाळे आली. आता त्या वर्षी ऊनही कमी होते, हे सांगितले पाहिजे. पण उन्हाचा हिशेब वेगळा काढूनही, वॉर्ड खाली आणल्याचा गुण आलाच, असे त्यांना आढळले.

नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. कोणीतरी पाहिले, वहीत लिहिले, बेरीज केली आणि खाट हलवली.

२०१३ साली अहमदाबाद महानगरपालिकेने उन्हाची योजना बांधली. हवामान खात्याचा अंदाज आधी मिळवायचा, पिवळा, नारंगी, लाल असे इशारे द्यायचे. ४५ अंश म्हणजे लाल. उन्हाळ्याआधीच डॉक्टर, नर्स आणि वस्तीत फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवायचे की उष्माघात कसा ओळखावा. बर्फ, सलाइन, ओआरएस आधीच भरून ठेवायचे. पाण्याची सोय करायची. या योजनेनंतर वर्षाला हजाराच्या वर मृत्यू टळले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढे आपल्या नागपूरनेही अशी योजना केली.

आता अहमदाबादच्या बाळांवरून मला आपल्या घरातल्या बाळंतिणीची आठवण होते. इथे आयाबायांनी रागावू नये. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. दार-खिडक्या बंद. बाळाला टोपडे, वर दुपटे, वर गोधडी. बाळंतिणीला पाणी बेताने. पौषात हे एक वेळ चालून जाते, तरी धूर वाईटच. पण वैशाखात? बाहेर ४५ अंश, आत शेगडी! नुकत्या जन्मलेल्या बाळाला धड घाम येत नाही, आणि त्याला बोलताही येत नाही. आमच्या नर्सबाई मागच्या वर्षी एका घरात गेल्या, तर आजीबाई शेगडी हलवू देईनात. त्या भांडल्या नाहीत. आजींना म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच अर्धा तास त्या बाजेवर निजून पाहा." आजी दहा मिनिटांत उठल्या. शेगडी बाहेर गेली.

उन्हाळ्यातल्या बाळाला एक पातळ सुती कपडा पुरे. खोली गार आणि हवेशीर ठेवा. आईने भरपूर पाणी प्यावे आणि बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर पाजावे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी द्यायचे नाही, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात पाणी असतेच. बाळ गरम लागले आणि ओढेनासे झाले, तर संध्याकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

गोळ्यांविषयी एक शब्द. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. अशा माणसाला ऊन लवकर बाधते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, त्याने दुसरेच संकट येईल. चैत्र लागला की गोळ्यांची पाकिटे घेऊन नर्सबाईंकडे जा आणि विचारा.

लशींचेही तसेच. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. उन्हाळ्यात वीज गेली की नर्सबाईंचा जीव टांगणीला लागतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये शेकडो आरोग्य केंद्रांच्या छतांवर सौर पट्ट्या बसवल्या आहेत. ज्या उन्हाने लस बिघडते, त्याच उन्हावर तिथे लशीचा फ्रीज चालतो. आपल्या ग्रामसभेत हा विषय यायला हवा, आणि तो नर्सबाईंनी नव्हे, आपण मांडायला हवा. लशीच्या पुष्कळशा बाटल्यांवर एक खूण असते. गोल ठिपक्यात एक चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला तर लस चांगली. दोघांचा रंग सारखा झाला, किंवा चौकोन गडद झाला, तर लस वाया गेली. मुलाला सुई देण्याआधी "बाई, खूण दाखवा" असे म्हणायला हरकत नाही. चांगल्या नर्सला त्याचा राग येत नाही.

पण मंडळी, त्या नर्सबाईंचे ऊन कोण पाहणार? आशाताई भर दुपारी घरोघर फिरतात. तीही माणसेच आहेत. मागच्या मे महिन्यात आपल्या आशाताई माझ्या ओसरीवर येऊन मटकन बसल्या. ओठ सुकलेले. विचारले तर म्हणाल्या, "सकाळी घरी कोणी सापडत नाही गुरुजी, सगळे कामावर. मग दुपारीच यावं लागते." म्हणजे आपल्या सोयीसाठी त्या उन्हात फिरतात. संध्याकाळी सहानंतर या वर्गाला आपण सगळे जमतोच. मुलांची वजने, गोळ्या, चौकशी, जेवढे जमेल तेवढे त्यांनी इथेच येऊन करावे, असे मी त्यांना सुचवले आहे. त्या हो म्हणाल्या आहेत.

आता शेवटची आणि कामाची गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात आशाताईंनी एका जुन्या वहीत नोंद ठेवली. कोणाला ऊन लागले, त्याचे नाव, वय, आणि तेव्हा तो माणूस कुठे होता. अकरा नावे झाली. आम्ही दोघे ती वही घेऊन बसलो. मला वाटले होते, शेतातली माणसे जास्त असतील. पण अकरांतल्या पाच बाया निघाल्या सातऱ्यावरच्या. मिरचीचे देठ खुडायला बसणाऱ्या. तुम्हाला ते ठिकाण माहीत आहे. वर टिनाचे छप्पर, खाली मिरचीची धग. किलोवर मजुरी, म्हणून कोणी पाणी प्यायलाही उठत नाही. पाणी प्याले की लघवीला जावे लागते आणि तिथे आडोसा नाही, म्हणून बाया पाणीच पीत नव्हत्या. हे मला आशाताईंनी सांगितले. मला पुरुष माणसाला ते सुचले नसते.

सातऱ्याचे मालक भला माणूस. वही दाखवली. पाच नावे त्यांनी बोट ठेवून वाचली. मग टिनावर तणसाचा जाड थर टाकला, पोत्याचा आडोसा करून दिला, रांजण भरून ठेवला आणि काम पहाटे पाच ते साडेदहा असे केले. यंदा त्याचा काय गुण येतो ते कळायचे आहे.

म्हणून यंदा वही नीट ठेवायची आहे. आशाताईंना एकट्याने ते होत नाही. तुम्ही आता लिहू लागला आहात. पाच घरे आखली आहेत. तारीख, पारा, नाव व वय, कुठे होता, काय झाले. सहाव्या घराची गरज नाही. लांब लिहू नका. 'बांधावर. चक्कर. बरा झाला.' एवढे पुरे. अक्षर वाकडे आले तरी चालेल, आकडा मात्र खरा हवा. एखाद्याचे नाव वहीत आले म्हणून चावडीवर त्याची चर्चा करायची नाही. वही आशाताईंकडे राहील. दर गुरुवारी नर्सबाई ती पाहतील.

पाऱ्यासाठी मी तालुक्याहून एक भिंतीवरचे यंत्र आणले आहे. ते समाजमंदिराच्या उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत, डोक्याच्या उंचीवर लावायचे. टिनाजवळ नको. दुपारी अडीच वाजता वाचायचे. सोमवार-मंगळवार शांताबाईंनी वाचावे, त्यांचे घर समोरच आहे. बाकीचे वार आज ठरवू. खिळा आणि हातोडी मी पिशवीत आणली आहे. कोणीतरी उंच माणूस पुढे या.